श्वास छातीत, हालचाल बोटांत

पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, की डॉक्टर पायाची डॉपलर करून आणायला सांगतात. आत रक्ताची गुठळी तर झाली नाही ना, हे पाहायचं असतं. टेबलावर पाठीवर झोपायचं, जांघेत गार जेल लावतात, त्यावर यंत्राचा दांडा टेकवतात आणि स्पीकरमधून आवाज यायला लागतो. आधी धमनी लागते. तिचा आवाज तुटक, कडक, नाडीच्या ठेक्यावरचा. दांडा बोटभर आतल्या बाजूला सरकवला की मांडीची मुख्य शीर लागते आणि आवाज पार बदलतो. आता तो लांबलचक, घुमणारा असतो, सावकाश चढतो, सावकाश उतरतो, मधे जवळजवळ थांबतो. त्याचा ठेका नाडीशी जुळत नाही, श्वासाशी जुळतो. श्वास आत घेतला की आवाज बसतो, बाहेर सोडला की उठतो. "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा," असं डॉक्टर म्हणतात आणि आवाज बंद पडतो. "सोडा," म्हटलं की थोपलेलं रक्त एकदम धावतं.

हा चढउतार ऐकू आला की तपासणाऱ्याला हायसं वाटतं. श्वासाचा परिणाम जांघेपर्यंत पोचतो आहे, म्हणजे जांघेपासून छातीपर्यंतचा रस्ता मोकळा असणार. वर ओटीपोटात कुठे गुठळीने शीर बुजली असेल, तर हा चढउतार नाहीसा होतो आणि आवाज एकसुरी होतो. शिरेत चाललेल्या रक्ताला श्वास कळतो आहे की नाही, यावरून निदानाची दिशा ठरते.

श्वास म्हणजे हवा आत-बाहेर करणं, प्राणवायू घेणं आणि कार्बन डायऑक्साइड टाकणं, एवढंच आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. छातीचा पिंजरा हवा ओढतो त्याच क्षणी तो रक्तही ओढत असतो. दर श्वासाला हातापायांतल्या रक्ताचा साठा किंचित कमी-जास्त होतो. ही हालचाल आपल्याला जाणवत नाही म्हणून तिचं महत्त्व ध्यानात येत नाही. मला मात्र ती शरीरातल्या सगळ्यात सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटते, कारण एकच कृती हातांवर एक परिणाम करते आणि पायांवर नेमका उलटा.

हे कसं घडतं ते समजायला शिरांचा स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यातलं जवळपास दोन तृतीयांश कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. धमन्यांच्या भिंती जाड, त्यांच्यातला दाब मोठा, म्हणजे पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरच्या आसपास. शिरांच्या भिंती पातळ आणि सैल. केशवाहिन्या ओलांडून रक्त शिरांत येतं तेव्हा त्याचा दाब पंधराएक मिलिमीटर उरलेला असतो, आणि हृदयाच्या उजव्या अलिंदाशी तो शून्याच्या जवळपास येतो. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या पावलापासून हृदयापर्यंतचा सगळा परतीचा प्रवास दहा-पंधरा मिलिमीटरच्या उतारावर चालतो. इतक्या कमी उतारावर दोन-तीन मिलिमीटरचा फरकही मोठा ठरतो.

तो फरक श्वास घडवतो. फुफ्फुसं आणि छातीची भिंत यांच्यामधल्या फटीत दाब नेहमीच बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. शांत श्वास सोडून संपला की तो पाण्याच्या सुमारे पाच सेंटीमीटरने कमी असतो, आणि श्वास आत घेताना सात-आठ सेंटीमीटरपर्यंत उतरतो. पाऱ्यात मोजलं तर हा फरक दोन मिलिमीटरच्या आसपास भरतो. छातीतल्या मोठ्या शिरा आणि उजवं अलिंद यांच्या भिंती पातळ असल्याने बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात आणि आतला दाब उतरतो. मग दंडातून, मानेतून, डोक्यातून येणारं रक्त लगबगीने आत शिरतं. बारीक अंगाच्या माणसाला अर्धवट टेकवून बसवलं, तर श्वास घेताना त्याच्या मानेची शीर खाली बसताना डोळ्यांनी दिसते.

हातांची शीर खांद्यावरून थेट छातीत उतरते, मधे अडथळा नसतो. म्हणून श्वास आत घेताना हात किंचित रिकामे होतात. पायांचं रक्त मात्र पोटातून वर येतं, आणि पोटाचं गणित वेगळं आहे. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं. शांत श्वासात दीड-दोन सेंटीमीटरच, पण तेवढ्यानेही पोटातले अवयव दाबले जातात आणि पोटातला दाब वाढतो. अधोमहाशीर, म्हणजे कमरेखालचं सगळं रक्त वर नेणारी जाड शीर, या वाढलेल्या दाबाखाली येते. बागेतल्या पाण्याच्या नळीवर कुणी पाय ठेवावा तसं होतं: पायाच्या पुढचं पाणी निघून जातं, मागचं थोपतं. पोटातलं रक्त छातीत ढकललं जातं आणि मांडीतलं थांबतं. ते उलटं खाली घसरत नाही, कारण पायांच्या शिरांत जागोजागी झडपा आहेत. धमन्यांतून नवं रक्त येतच असतं, त्यामुळे पाय श्वासाच्या त्या दीड-दोन सेकंदांत थेंबाथेंबाने भरतो. श्वास सोडला, पोट सैल झालं, की साठलेलं रक्त वर निघतं. डॉपलरच्या खोलीतला तो घुमणारा आवाज हाच.

याला एक अपवाद आहे. पोट न हलवता फक्त फासळ्या उचलून श्वास घेतला, तर पोटातला दाब फारसा वाढत नाही, छातीची ओढ पायांपर्यंत पोचते आणि मांडीच्या शिरेतलं रक्त श्वास घेतानाच वर धावतं. पोटाने श्वास घेणाऱ्याचं नेमकं उलट. पण मिनिटाभराचा हिशेब केला, तर दोन्ही प्रकारांत पायातून परतणारं रक्त जवळपास सारखंच भरतं. एका टप्प्यावर अडलेलं दुसऱ्या टप्प्यावर सुटतं. अमुक पद्धतीने श्वास घ्या म्हणजे पायांचा रक्तप्रवाह दुप्पट होईल, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. पायांतलं रक्त वर चढवण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि त्यासाठी चालावं लागतं.

श्वास आणि रक्त यांचं हे नातं पहिल्यांदा कागदावर उतरलं ते जर्मनीतल्या मारबुर्ग इथे. कार्ल लुडविग या तरुण शरीरशास्त्रज्ञाला एकच प्रश्न पडला होता: श्वासाच्या हालचालींचा धमन्यांतल्या रक्ताच्या दाबावर काय परिणाम होतो? नजरेने पाहून हे टिपता येत नव्हतं, कारण पाऱ्याची पातळी क्षणाक्षणाला हलायची. म्हणून त्याने प्राण्याच्या धमनीला जोडलेल्या पाऱ्याच्या नळीत एक तरंगता तुकडा ठेवला, त्याला लेखणी लावली आणि लेखणीपुढे सावकाश फिरणारा नळकांड्यावरचा कागद. रक्तदाब स्वतःच स्वतःची रेघ काढू लागला. 1847 साली लुडविगने प्रसिद्ध केलेल्या लेखाचा विषय श्वास आणि रक्ताचा प्रवाह हाच होता, आणि त्यासाठी बनवलेलं ते यंत्र, कायमोग्राफ, पुढे शंभर वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत राहिलं. नाडीच्या बारीक दातेरी रेघेखाली एक मोठी, संथ लाट होती, आणि ती श्वासाची होती. वैद्यकात आज जिथे जिथे पडद्यावर किंवा कागदावर रेघ पळते, तिची पूर्वज ही रेघ आहे. एवढं दूरगामी यंत्र श्वासाविषयीच्या कुतूहलातून निघालं, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

लुडविग पुढे लाइपझिगला गेला आणि तिथे देशोदेशीचे विद्यार्थी त्याच्याकडे येऊ लागले. त्यांच्यात इटलीतल्या तोरिनोचा आंजेलो मोस्सो होता. सुताराचा मुलगा, हाताने वस्तू घडवण्याची उपजत समज असलेला. प्राण्याची धमनी न कापता, जित्याजागत्या माणसाच्या हातात किती रक्त आलं आणि किती गेलं, हे त्याला मोजायचं होतं. त्याची युक्ती साधी होती. काचेचं लांब भांडं, त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तोंडाशी रबराने घट्ट बंद करायचं आणि आत कोमट पाणी भरायचं. हातात रक्त जास्त आलं की हात किंचित फुगतो आणि तेवढं पाणी नळीतून बाहेर सरकतं. रक्त कमी झालं की पाणी आत ओढलं जातं. हे मागेपुढे होणं लेखणीने कागदावर उतरवायचं. या यंत्राला त्याने प्लेथिस्मोग्राफ म्हटलं.

रेघेवर नाडी दिसली, श्वासाची लाट दिसली, आणि त्यांच्या जोडीला मनही दिसलं. एकदा मोस्सोच्या मित्राचे हात यंत्रात असताना खोलीत लुडविग आला. त्या क्षणी रेघ झपकन खाली कोसळली. गुरुजींच्या नुसत्या येण्याने हातांतलं रक्त माघारी गेलं होतं. लुडविगने शांतपणे लेखणी घेतली आणि रेघ पडली होती त्या जागी, सिंह आला, अशा अर्थाचे शब्द लिहिले. मोस्सोने ही हकीकत भीतीवरच्या 1884 सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. तेव्हापासून हात किंवा पाय मोजणाऱ्या प्रत्येकाला हे पथ्य पाळावं लागतं की, खोली शांत हवी, ऊबदार हवी आणि माणूस निवांत हवा. नाहीतर श्वासाची छोटी लाट भावनेच्या मोठ्या लाटेत बुडून जाते.

याच मोस्सोने पुढे माणसाचा तराजू बनवला. मधोमध धारेवर तोललेलं लाकडी टेबल, त्यावर माणूस उताणा झोपलेला, डोक्याकडचं आणि पायांकडचं वजन बरोबर समतोल केलेलं. डोक्याकडे थोडं रक्त जास्त गेलं तर टेबल तिकडे झुकावं, ही कल्पना. प्रत्यक्षात टेबल सगळ्यात आधी श्वासाबरोबर डुलायला लागलं. दर श्वासाला रक्ताचा भार शरीराच्या लांबीत इकडेतिकडे सरकत होता. मोस्सोला मेंदू मोजायचा होता, त्यामुळे हे डुलणं त्याला आवरतं ठेवावं लागलं, आणि त्यासाठी त्याने टेबलाला खालून जड वजन जोडलं.

आता बोटांकडे वळू. आतापर्यंत सांगितलं ते सगळं दाबाचं, म्हणजे यंत्रासारखं चालणारं. बोटांच्या टोकांशी मात्र चेतासंस्थाही कामात उतरते. 1936 साली बोल्टन, कारमायकल आणि स्टुरुप या संशोधकांनी एक साधी गोष्ट नोंदवली: निवांत बसलेल्या माणसाने अचानक खोल श्वास घेतला, तर दोन-तीन सेकंदांत त्याच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. बोटाचं आकारमान घटतं आणि पूर्ववत व्हायला दहा-पंधरा सेकंद किंवा थोडा जास्त वेळ लागतो. पायाच्या बोटांतही हेच घडतं. बोटांच्या टोकांत, तळव्यांत आणि कानाच्या पाळीत धमन्यांतून थेट शिरांत जाणाऱ्या आखूड वाटा दाट असतात. शरीराची उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्यांची योजना आहे आणि त्यांच्या भिंतींवर अनुकंपी चेतांचं घट्ट नियंत्रण असतं. खोल श्वासाने त्या चेता चाळवतात आणि या वाटा मिटतात.

हा निरोप मेंदूकडून येतो की कण्यातल्या मज्जारज्जूतून? दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मज्जारज्जू तुटलेले अनेक तरुण सैनिक उपचार घेत होते. त्यांची काळजी घेणारे लुडविग गुटमान, ज्यांच्या खटपटीतून पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या, यांनी गिलियाट आणि व्हिटरिज यांच्याबरोबर अशा रुग्णांची बोटं तपासली. मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या, म्हणजे मेंदूचा खाली काहीही निरोप पोचत नसलेल्या रुग्णांतही खोल श्वासानंतर बोटं आवळत होती. ही प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूच्या पातळीवरच पुरी होऊ शकते, असा त्याचा अर्थ. आज मधुमेहाने बारीक चेता झिजल्या आहेत का, हे पाहताना ही क्रिया उपयोगी पडते. रुग्णाला मोठा श्वास घ्यायला सांगायचं आणि बोटाच्या त्वचेतला रक्तप्रवाह घटतो का ते बघायचं. घटला नाही किंवा अगदी थोडा घटला, तर चेतांना इजा झाली असावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जोरात खोल श्वास घेतला की बोटांच्या टोकापर्यंत जास्त रक्त, जास्त प्राणवायू पोचतो, असं व्यायामाच्या वर्गांत सर्रास सांगितलं जातं. वर सांगितलेल्या प्रयोगात नेमकं उलट दिसतं: काही सेकंद बोटांत रक्त कमी होतं. प्राणवायूचं म्हणाल, तर निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातच 97-98 टक्के भरलेलं असतं, त्यात भर घालायला जागाच नसते. भराभर खोल श्वास घेत राहिलं की वेगळंच होतं. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताची अल्कता वाढते, रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि चेता हुळहुळ्या होतात. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडून वाकडी होतात. घाबरलेल्या माणसालाही असंच होतं, आणि हातापायांतलं रक्त आटलं अशा समजुतीने तो आणखी जोरजोरात श्वास घ्यायला लागतो. त्याला शांतपणे बसवून श्वास सावकाश घ्यायला लावला, सोडताना जरा जास्त वेळ लावायला सांगितला, की मुंग्या जातात.

सावकाश श्वासाबद्दल मात्र सांगण्यासारखं चांगलं बरंच आहे. रक्तदाबात श्वासापेक्षाही संथ अशा लाटा असतात, साधारण दहा सेकंदांची एक. सिग्मुंड मायर यांनी त्या 1876 साली वर्णिल्या. बोटातलं रक्तही त्या ठेक्यावर कमी-जास्त होतं. मिनिटाला सहा श्वास घेतले तर श्वासाचा ठेका या लाटेशी जुळतो आणि दोघांची मिळून मोठी, एकसारखी लाट तयार होते. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांनी 2001 साली दाखवलं की लॅटिनमधली जपमाळ म्हणणाऱ्याचा आणि योगातला मंत्र जपणाऱ्याचा श्वास, दोन्हींचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो.

आपल्याकडे लोणावळ्याला या विषयाचा धागा शंभर वर्षांपूर्वी पकडला गेला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगाच्या क्रिया करताना पोटात दाबाचं काय होतं, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने आणि क्ष-किरणांनी तपासलं. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून, तो आत येऊ न देता फासळ्या उचलायच्या असतात. श्वासपटल वर ओढलं जातं आणि पोट आत खेचलं जातं. नेहमीच्या श्वासात छातीतला दाब उतरतो आणि पोटातला चढतो. इथे दोन्हीकडचा उतरतो. कुवलयानंदांनी या गोष्टी श्रद्धेच्या भरवशावर सोडल्या नाहीत, उपकरण लावून पाहिल्या, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर हेही मोस्सोच्या काचेच्या भांड्याच्याच कुळातलं. 1930च्या दशकात आल्रिक हर्ट्झमन यांनी बोटातून प्रकाश सोडून रक्ताचं प्रमाण नोंदवायला सुरुवात केली: रक्त जास्त, तर पलीकडे पोचणारा प्रकाश कमी. 1970च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्या प्रकाशातल्या नाडीच्या चढउतारावरून प्राणवायू मोजायची युक्ती शोधली. ज्या यंत्राच्या पडद्यावर लाट दिसते, त्यात नीट पाहिलं तर श्वासाबरोबर लाटांची उंची हलकेच बदलताना दिसते. श्वास घेताना डाव्या हृदयाकडे येणारं रक्त काही ठोक्यांपुरतं घटतं, म्हणून वरचा रक्तदाबही थोडा उतरतो. पाऱ्याच्या दहा मिलिमीटरपर्यंतची घट स्वाभाविक. दम्याचा जबर झटका आला किंवा हृदयाभोवती पाणी साठलं, तर ती त्याहून बरीच वाढते. आडोल्फ कुसमाउल यांनी 1873 साली असे रुग्ण वर्णिले ज्यांच्या मनगटाची नाडी दर श्वासाला नाहीशी व्हायची, हृदयाचे ठोके मात्र चालूच असायचे.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात हे सगळं उलटं होतं. तिथे हवा छातीत ओढली जात नाही, यंत्र ती ढकलतं. श्वास आत जाताना छातीतला दाब वाढतो आणि हातापायांतून येणारं रक्त अडतं. अंगात रक्ताचा भरणा कमी असेल, तर दर श्वासाला धमनीच्या लाटांची उंची फार खालीवर होते, आणि अतिदक्षता विभागातले डॉक्टर त्यावरून सलाइन द्यायचं की नाही याचा अंदाज बांधतात. शंका असेल तर ते रुग्णाचे दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांत उचलतात. पायांतलं सुमारे तीनशे मिलिलिटर रक्त छातीकडे येतं. मिनिटाभरात हृदयाने बाहेर टाकलेलं रक्त वाढलं, तर सलाइनचा उपयोग होणार. वाढलं नाही, तर पाय खाली घेतले की ते रक्त आपल्या जागी परत जातं, आणि फुफ्फुसांत पाणी साठवणारी एक अनावश्यक बाटली वाचते.